जेवण झालं की डोकं बंद पडतं

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई ३९ वर्षांच्या, नागपूरच्या. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशेबाचं काम बघतात. पहाटे पाचला उठून चौघांचे डबे, सासूबाईंचा नाश्ता, आणि स्वतः चहासोबत दोन-तीन बिस्किटं खाऊन साडेआठला घराबाहेर. दुपारी दीडला डबा उघडतो: चार पोळ्या, कोरडी भाजी (बहुतेक वेळा आलूची) आणि थोडा भात. सव्वादोनच्या सुमारास डोकं जड व्हायला लागतं. "आकडे डोळ्यांपुढे असतात, पण आत शिरत नाहीत. एकच व्हाउचर तीनदा वाचते," असं त्या लिहितात. तर्री-पोहे खाल्ले की तेच, एकादशीला साबुदाण्याची उसळ खाल्ली की त्याहून वाईट. चारला चहा-बिस्कीट घेतलं की जरा बरं वाटतं, म्हणून ‘शुगर लो’ होत असावी असा त्यांचा अंदाज. मैत्रिणीच्या सांगण्यावरून त्यांनी मध्यंतरी पोळी, भात, पोहे सगळं बंद केलं. सकाळी मुगाचा चिला, दुपारी पनीर, अंडी, उसळी सुरू केल्या, आणि डोकं एकदम लख्ख झालं. मग एका लग्नात पंगतीला बसल्या, पोटभर जेवल्या आणि दुपारभर गळून गेल्या. आता त्यांची खात्री पटली आहे की कर्बोदकं आपल्याला सोसतच नाहीत. भाचा म्हणतो, दंडावर साखर मोजणारा सेन्सर लाव. सासूबाई म्हणतात, "जेवलं का झोप येतेच बाप्पा. आम्ही जनमभर भात खाल्ला, आम्हाले काही झालं नाही." पत्राच्या शेवटी, कंसात, दोन ओळी आहेत: दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी साखर वाढली होती, नंतर ‘नॉर्मल’ आली, आणि अलीकडे पाळी सात-आठ दिवस चालते. त्यांचे प्रश्न तीन. पोळी-भात कायमचा सोडू का? हे माझ्या मनाचे खेळ आहेत का? आणि घरी काय सांगू?

ताई, सुरुवात तुमच्या सासूबाईंपासून करते, कारण त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे आणि ते निम्मं मान्य केल्याशिवाय पुढचं नीट दिसणार नाही.

दुपारी एक ते चारच्या दरम्यान माणसाची तरतरी तशीही उतरते. शरीराच्या घड्याळातच ही उतरण आहे. ज्यांनी दुपारी काही खाल्लेलं नाही, त्यांनाही ती जाणवते. वामकुक्षी काही आळशी लोकांनी काढलेली टूम नव्हे, आणि मे महिन्यात पारा ४५ वर गेला की अख्खं नागपूर दुपारी कूलरसमोर आडवं होतं ते फक्त उन्हाच्या भीतीने नाही. तेव्हा यातला घड्याळाचा वाटा किती आणि पोळी-भाताचा किती, हे आधी वेगळं काढायला हवं. आदल्या रात्रीची झोप अपुरी असेल तर ही साधी उतरण खड्डा होते. तुम्ही पाचला उठता हे लिहिलंत. झोपता किती वाजता, हे मात्र अख्ख्या पत्रात कुठेच नाही. मुलांचा अभ्यास, ओटा आवरणं, उद्याची भाजी निवडून ठेवणं, मग जरा वेळ मोबाईल. साडेअकराच्या आत तुमची पाठ टेकत असेल असं मला वाटत नाही. साडेपाच तासांच्या झोपेवर दुपारी दोनला जीएसटीचे आकडे जुळवायला बसलं, तर डब्यात काहीही असलं तरी डोकं कुरकुरणारच.

सासूबाईंचं उरलेलं निम्मं मात्र मला मान्य नाही. डुलकी येणं वेगळं आणि एकच व्हाउचर तीनदा वाचावं लागणं वेगळं. हे रोज होतंय, कामात चुका होतील अशी धास्ती वाटतेय, म्हणजे त्याच्याकडे बघायला हवं. मनाचे खेळ असते तर तुम्हाला वेळ इतकी नेमकी सांगता आली नसती. त्या वेळेचाच आता आपल्याला उपयोग होणार आहे.

तुमचा अंदाज असा की जेवणानंतर साखर ‘लो’ होते. घड्याळ बघू. जेवण दीडला, जडपणा सव्वादोनला. म्हणजे पाऊण तासात. जेवायला सुरुवात केल्यापासून पाऊण ते एक तासाने रक्तातली साखर साधारणपणे सगळ्यात वर असते, आणि निरोगी माणसात दोन-तीन तासांत ती पूर्वीच्या जागी येते. तेव्हा सव्वादोनला तुमची साखर बहुधा चढलेली असते, पडलेली नसते. जेवणानंतर साखर खरोखर खाली घसरण्याचा प्रकार आहे, पण तो बहुतेक दोन ते चार तासांनी होतो आणि त्याची लक्षणं निराळी: हात थरथरणं, घाम फुटणं, छातीत धडधड, खा-खा सुटणं. (पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी डॉक्टरांशीच बोलावं.) अमेरिकी शल्यविशारद ॲलन व्हिपल यांनी १९३० च्या दशकात यासाठी घालून दिलेली कसोटी आजही वापरतात: लक्षणं हवीत, त्याच वेळी मोजलेली साखर कमी हवी, आणि साखर वर आणल्यावर लक्षणं जायला हवीत. तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ‘शुगर लो’ म्हणायचं. तुमच्याकडे यातली मधली गोष्ट कधी तपासलेलीच नाही. घरी किंवा शेजारी ग्लुकोमीटर असेल तर डोकं जड झालेलं असताना एक-दोनदा बोट टोचून बघा, म्हणजे हा संशय एकदाचा मिटेल. आणि चारच्या चहाने बरं वाटतं त्यात चहातल्या कॅफिनचा वाटा आहे, खुर्चीतून उठून चार पावलं चालण्याचा आहे, आणि तोवर दुपारची उतरण आपोआप ओसरत आलेली असते त्याचाही आहे. बिस्किटाला सगळं श्रेय देऊ नका.

मग पोळी-भात अगदीच निर्दोष का? नाही. नुसत्या पिष्टमय जेवणाने मेंदू मंदावतो, याला आधार आहे. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाच्या भागात ओरेक्सिन तयार करणाऱ्या पेशी असतात, त्या आपल्याला जागं आणि सावध ठेवतात. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की ग्लुकोज वाढलं की या पेशी शांत होतात, आणि प्रथिनांमधली अमिनो आम्लं मिळाली की पुन्हा चेततात. माणसाच्या दुपारच्या डब्याला हे जसंच्या तसं लावता येणार नाही, पण दिशा तीच आहे: पिष्ट एकटं आलं की सुस्ती, सोबत प्रथिनं आली की ती कमी. जेवणाचा आकारही मोजावा लागतो. पोट तुडुंब भरलं की पनीरनेही झोप येते. लग्नाच्या पंगतीत तुम्ही पुऱ्या, मसालेभात आणि जिलेबी खाल्ली असेल, शिवाय रोजच्या दुप्पट खाल्लं असेल, तेही अडीच-तीनला, आदल्या रात्री हळदीचं जागरण करून. त्या दिवसाचा दोष एकट्या कर्बोदकांच्या नावावर टाकता येत नाही.

आणि पोळी-भात बंद होता तेव्हाचे ते लख्ख दिवस. त्या दिवसांत तुम्ही काय सोडलं हे तुमच्या लक्षात राहिलं, काय सुरू केलं याकडे दुर्लक्ष झालं. सकाळी बिस्किटांच्या जागी चिला आला. दुपारी आलूच्या भाजीच्या जागी पनीर आणि उसळ आली. बहुधा एकूण जेवणही कमी झालं. एका वेळी चार गोष्टी बदलल्या आणि यशाचा हार एकीच्याच गळ्यात घातला.

माझं मत ऐका. तुमच्या ताटात पोळ्या फार झालेल्या नाहीत, पोळ्यांच्या भोवतीचं सगळं गायब झालंय. घरात सगळ्यांत शेवटी डबा भरणाऱ्या बाईच्या डब्यात काय उरतं ते मी रोज ऐकते. वरण नवऱ्याच्या डब्यात सांडत नाही अशा कप्प्यात गेलेलं असतं, अंडं मुलाला, दही सासूबाईंना. स्वतःसाठी चार पोळ्या आणि कढईच्या तळाची भाजी. हिशेब तुमचा विषय आहे, म्हणून आकड्यांत सांगते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमच्या सकाळच्या बिस्किटांतून मिळतं एखाद-दोन ग्रॅम. चार पोळ्यांतून दहा-बारा. आलूच्या भाजीतून जवळजवळ नाहीच. म्हणजे दुपारपर्यंत जी काही प्रथिनं पोटात जातात ती पोळीच देते! तीच पोळी उद्या काढून टाकली आणि जागी काही आणलं नाही, तर दुपार आणखी वाईट जाईल. हे तुमच्या एकटीचं दुखणं नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत भारतीयांच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात असं दिसलं. पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांच्या आत ठेवा म्हणतात. आत ठेवा, शून्य करा म्हणत नाहीत.

गव्हाचाच दोष असावा, ग्लुटेन (गव्हातलं एक प्रथिन) सोडावं, असंही मैत्रीण म्हणाली असेल, हल्ली म्हणतातच. पण तुम्हाला सर्वांत वाईट वाटतं ते साबुदाण्याने, आणि साबुदाण्यात, पोह्यात, भातात ग्लुटेन नसतं. तो संशय इथेच सुटतो. तरी कुणाला गव्हाची शंका असेल तर सिलिॲकची (ग्लुटेन न सोसण्याच्या आजाराची) रक्ततपासणी गहू खाणं चालू असतानाच करायची असते. आधी सोडून मग तपासलं तर उत्तर चुकीचं येऊ शकतं.

आता त्या कंसातल्या दोन ओळी. माझ्या दृष्टीने तुमचं खरं पत्र तेच आहे.

गरोदरपणात साखर वाढून बाळंतपणानंतर नॉर्मल आली, म्हणजे प्रकरण मिटलं असं आपल्याकडे समजतात. ज्यांना गरोदरपणी मधुमेह झालेला असतो त्यांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा साधारण सात ते दहा पट असते, म्हणून त्यांनी दर एक ते तीन वर्षांनी साखर तपासत राहायचं असतं, काही त्रास नसला तरी. तुमचं धाकटं मूल आता शाळेत जात असेल. मधल्या वर्षांत तपासणी झाली का? बहुधा नाही. आयसीएमआरच्याच २०२३ च्या अंदाजानुसार देशात १३.६ कोटी माणसं मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत आणि त्यातल्या कित्येकांना ते ठाऊक नाही. उंबरठ्यावर असताना जेवणानंतरची साखर जास्त चढते, जास्त वेळ वर राहते, आणि जेवल्यावर जडपणाची तक्रार तेव्हा ऐकू येते.

दुसरी ओळ पाळीची. सात-आठ दिवस रक्तस्राव, सकाळी उपाशीपोटी चहा, जेवणात डाळ-पालेभाजी नावापुरती. लोह कमी असण्याची सगळी तयारी झालेली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ च्या, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. लोह कमी झालं की थकवा येतो, लक्ष लागत नाही, जिना चढताना धाप लागते. हा थकवा दिवसभर असतो, पण सकाळच्या धावपळीत तो जाणवायला वेळ कुणाला आहे? दुपारी खुर्चीत बसलं की तो समोर येतो आणि नुकत्याच खाल्लेल्या भातावर आळ जातो. पाळी इतके दिवस का चालते, हेही स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. लोहाच्या गोळ्या घेत राहायचं आणि गळती तशीच ठेवायची, असं करू नका.

मी आहारतज्ज्ञ आहे, तपासण्या लिहून देणं डॉक्टरांचं काम. पण त्यांच्याकडे जाताना काय विचारायचं ते सांगते. हिमोग्लोबिन, आणि सोबत फेरिटिन. हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो, तो फेरिटिनमध्ये कळतो. बी-१२, कारण अंडी-पनीर तुमच्याकडे नैमित्तिकच दिसतं. थायरॉइडसाठी टीएसएच. आणि साखरेसाठी उपाशीपोटीची आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची तपासणी. उपाशीपोटी १०० च्या आत आणि दोन तासांनी १४० च्या आत असेल तर ठीक. १०० ते १२५ किंवा १४० ते १९९ म्हणजे उंबरठा. उपाशीपोटी १२६ किंवा दोन तासांनी २०० पासून पुढे मधुमेह, तोही सहसा पुन्हा तपासून पक्का करतात.

नुसत्या एचबीए१सीवर थांबू नका. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ही तपासणी सोयीची आहे, पण लोह कमी असेल तर तिचा आकडा खोटाच वर दिसू शकतो, आणि सिकलसेल (रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर काही पद्धतींत तो बिनभरवशाचा ठरतो. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे आणि आपण वाहक आहोत हे अनेकांना माहीतच नसतं. घरात किंवा माहेरी कुणाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. या सगळ्या तपासण्या खासगी लॅबमध्ये महाग वाटल्या तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीचा रस्ता आहेच. अर्धी रजा टाकावी लागेल, ती टाका.

भाच्याचा सेन्सर तूर्त नको. मधुमेहींना, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांना, तो वरदान आहे. पण ज्यांची साधी तपासणीच झालेली नाही त्यांनी दंडाला लावून मोबाईलवर दिवसभर आलेख बघत बसलं, की प्रत्येक चढ भीतीदायक वाटतो. निरोगी माणसाची साखरही जेवणानंतर कधी कधी १४० च्या वर जाऊन येते. चार हजारांच्या वस्तूने तुमची काळजी वाढवायची आणि शंभर-दोनशेची तपासणी राहून जायची, असं व्हायला नको.

रिपोर्ट येईपर्यंत जेवणाचं काय? तुमचा पहिला प्रश्न. कायमचं सोडणं हा एक पर्याय आहे, मी तो हसण्यावारी नेत नाही. मधुमेह असलेल्या काहींना कर्बोदकं बरीच कमी केल्याने साखरेवर चांगला ताबा मिळतो, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांचे डोस बदलून. पण तुमच्या घरात त्याचा अर्थ काय होतो बघा. दोन स्वयंपाक. प्रत्येक सणाला, प्रत्येक पंगतीला ‘मी खात नाही’. आणि एक दिवस मोडलं की ‘आता सगळं बिघडलं’ ही टोचणी, जी लग्नानंतर तुम्हाला लागलेलीच आहे. इतकी किंमत द्यायचं कारण मला अजून दिसत नाही.

त्यापेक्षा सकाळपासून सुरू करा. बिस्किटाऐवजी काहीतरी ज्यात डाळ, अंडं किंवा दही आहे. चिला तुम्हाला जमतोच. रात्री पीठ भिजवून ठेवलं तर सकाळी दहा मिनिटांचं काम. नाहीतर मूठभर फुटाणे आणि शेंगदाणे पर्समध्ये टाकून ऑफिसला पोहोचल्यावर खा. तर्री-पोह्यांना घाबरू नका. आपली तर्री चण्याची असते हे नागपूरकरांचं नशीब. पोहे निम्मे घ्या, चणे दुप्पट मागा, वरची लाल तेलाची साय बाजूला सारा. ठेलेवाला हसेल, हसू द्या.

डब्यात चारच्या अडीच पोळ्या, भात नको असेल तर नको, पण घट्ट वरण किंवा उसळ एक वाटी हवीच. मूग, मटकी, चवळी, झुणका, पाटोडीची भाजी, हिवाळ्यात ओल्या तुरीच्या सोल्यांची आमटी, पोपटीच्या दाण्यांची उसळ. आपल्या भागात या बाबतीत चंगळ आहे आणि तरी डब्यात रोज आलू! गोळाभातही चांगला, डाळीचे गोळे असतात म्हणून. फक्त वरून ओतायच्या फोडणीच्या तेलाला हात आखडा. सोबत काकडी, मुळा, कांदा, टमाटर काहीही कापून, आणि थोडं दही. लिंबू पिळा किंवा संत्र्याचे दिवस असतील तर जेवणासोबत एक संत्रं सोलून खा, कारण त्यातल्या क जीवनसत्त्वाने डाळ-भाजीतलं लोह जास्त अंगी लागतं. संत्र्याचा रस नको, फळच. जेवणाला लागून चहा नको, तो लोह अडवतो, तासभर थांबा.

खाण्याचा क्रमही बदलून बघा. आपल्याकडे पहिला वाढतात तो वरण-भात. न्यूयॉर्कमध्ये ११ मधुमेहींवर केलेल्या एका छोट्या अभ्यासात, २०१५ मधल्या, तेच जेवण फक्त क्रम उलटवून दिलं: आधी भाजी आणि प्रथिनं, कर्बोदकं शेवटी. तासाभराने मोजलेली साखर एक तृतीयांशाहून अधिक घटलेली निघाली. अभ्यास लहान आहे, पण करून बघायला पैसा पडत नाही. डबा उघडला की आधी काकडी आणि उसळ संपवा, मग पोळीकडे वळा.

आणि शतपावली. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालल्याने साखरेचा चढ कमी होतो, हे मधुमेहींवरच्या अभ्यासांत चांगलं दिसलेलं आहे. हिंगण्याच्या उन्हात बाहेर जाऊ नका, गोडाऊनच्या सावलीत किंवा जिन्याने दोन मजले वर-खाली पुरे. उन्हाळ्यात पाण्याची बाटली रिकामी होते की नाही बघा. कमी पाण्यानेही डोकं भणभणतं. कामाची मांडणी तुमच्या हातात असेल तर आकडे जुळवायचं काम सकाळी अकराला ठेवा, दुपारी दोन ते तीनमध्ये फायली लावणं, फोन करणं. खुर्चीत डोळे मिटून पंधरा-वीस मिनिटं पडता आलं तर तेही चालेल, त्याहून जास्त झोपलं तर उठल्यावर आणखी जड वाटतं.

एकादशीला साबुदाणा. तुमचा उपवास मी मोडायला सांगत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालाही नाहीत. त्याची परातभर उसळ, वर रताळ्याचा गोड काप आणि आलूचा चिवडा खाल्ला तर उपवासाचा दिवस रोजच्यापेक्षा जड होणारच. भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची पोळी, दही. उपवासालाही चालतं आणि दुपारही बरी जाते. साबुदाणा आवडत असेल तर वाटीभर घ्या, दाण्याचा कूट सढळ हाताने घालून.

या गोष्टी एका वेळी एकच बदला. पहिला आठवडा फक्त झोप: काहीही करून साडेदहाला दिवा बंद, डबा आहे तोच. दुसऱ्या आठवड्यात सकाळचा नाश्ता. मग डबा. ऑफिसच्या डायरीत रोज चार रकाने: किती वाजता झोपले, दुपारी काय खाल्लं, किती वाजता जडपणा आला, दहापैकी किती. पाळीचे दिवसही मांडा. महिन्याभराने ती डायरी माझ्यापेक्षा आणि मैत्रिणीपेक्षा खरं बोलेल.

असाच त्रास असणाऱ्या इतर वाचकांसाठी काही गोष्टी. रात्री जोरात घोरत असाल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर दुपारच्या झोपेचं कारण डब्यात शोधू नका, स्लीप ॲप्नियाची तपासणी करून घ्या. तहान आणि लघवी वाढली असेल, वजन आपोआप उतरत असेल, तर साखरेची तपासणी याच आठवड्यात. सर्दीच्या गोळ्या, झोपेच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचाही हात असतो. मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि भरपेट जेवून समृद्धी महामार्गावर गाडी काढू नका. सरळ रस्ता, दुपारचे दोन आणि पोटात पुरणपोळी, हे तिन्ही एकत्र आले की डोळा लागायला क्षण पुरतो.

राहिला घरचा प्रश्न. ‘मला कर्बोदकं चालत नाहीत’ असं सासूबाईंना सांगायला जाऊ नका, त्यांना तो त्यांच्या रांधलेल्या अन्नाचा अपमान वाटेल. त्यांना म्हणा, "आई, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, जेवल्यावर झोप सगळ्यांनाच येते. पण मला अशक्तपणा वाटतोय, डॉक्टरांनी डाळ जास्त खायला सांगितलंय." अशक्तपणा हा शब्द त्यांच्या पिढीला लगेच पटतो आणि बहुधा तो खराही आहे. मग वाद पोळीवरून वरणावर येईल, आणि वरणाला विरोध कोण करतं? नवऱ्याला मात्र स्पष्ट सांगा की डबे भरताना वरणाची पहिली वाटी तुमच्या डब्यात जाणार, आणि रात्रीचा ओटा आठवड्यातून निदान चार दिवस त्यांच्याकडे. तुमची झोप तिथून येणार आहे, माझ्या सल्ल्यातून नाही.

जाता जाता सासूबाईंकडेही लक्ष असू द्या. जेवणानंतर त्यांची नुसती डुलकी असेल तर ठीक. पण उठताना चक्कर येत असेल, तोल जात असेल, तर वयस्कर माणसांत, विशेषतः बीपीच्या गोळ्या चालू असताना, जेवणानंतर रक्तदाब खाली जाऊ शकतो. जेवणाआधी आणि तासाभराने एकदा बीपी मोजून बघा.

तपासणीला जाल तेव्हा दुसऱ्या बाळंतपणाची फाईल कपाटातून काढून सोबत न्या. साखर तेव्हा किती होती, कितव्या महिन्यात वाढली आणि इन्सुलिन लागलं होतं का, हे डॉक्टर विचारतील.